भरल्या बोटीचा पंखा

“ह्या तुह्या बोटीपेक्षा आमची म्हैस बरी! पाण्यात बसते तं बसते, पण धूर तं नाई सोडत!”

असं म्हणाली ती मले. भर धरणात, भरल्या बोटीत, सगळ्यायच्या समोर. अन् सगळे हासले. जानराव मामा बी हासला, ज्याची बोट हाये तो सोता! आता मले सांगा, राग येईन का नाई?

“म्हैस बरी वाटते तं म्हशीवर बसून ये ना बाजाराले,” मी म्हणलो. “तुले काय अक्षता धाडल्या होत्या म्या?”

“म्हशीवर मेथी ओली होते,” ती म्हणाली. “तुह्या बोटीत वाळते. पाह्य इकडे... सकाळी उपटली तवा ताठ उभी होती. आता मान टाकून राह्यली. तुह्या इंजनाचा खोकला आयकून मेली बिचारी.”

“इंजन खोकत नाई! इंजन —”

अन् नेमकं तवाच खोकलं. काळा धूर निघाला, वारा फिरला, अन् सगळा धूर तिच्या तोंडावर. तिनं पदर नाकाले लावला. वर नुसते डोळे राह्यले... अन् ते बी माह्यावरच वटारलेले. मले सुकाणू सरळ धरता येईना. धुरानं. दुसरं काई कारण नाई.

तिचं नाव पंचफुला. पाण्याच्या पल्याडच्या गावातल्या रंगराव माळ्याची पोरगी. आधी रंगरावच भाजी घेऊन ये, कोपऱ्यात बसून गुमान बिडी ओढे. त्या दिवशी त्याच्या पायात बाभळीचा काटा भरला म्हणून पोरगी आली, अन् तवापासून माह्या जिवाले शांती नाई.

आता बोटीचं सांगतो, कारण लोक मलेच दोष देतात अन् मले ते खपत नाई.

धरण भरलं तवा रस्ता पाण्याखाली गेला, पल्याडची गावं तिकडंच राह्यली. धरणाच्या साहेब लोकायनं काम सरल्यावर त्यायची जुनी मोटारबोट लिलावात काढली. ती जानराव मामानं घेतली, माणसं अन् माल इकडून तिकडं न्याले. मामा सुकाणू धरे, कदी मी धरो, पण इंजन माह्याकडं. शाळा म्या कवाच सोडली होती. नव्या राज्याचे पेढे वाटले ना शाळेत, त्याच साली. पेढा खाल्ला अन् भिंतीवरून उडी टाकली. मास्तर म्हणत, हिंम्या, तुह्या पायाले भिंगरी हाये. बरं मंग? भिंगरी हाये म्हणूनच तं मले फिरणाऱ्या गोष्टी समजतात!

बोटीच्या मागं, पाण्याखाली, एक पंखा फिरते. तो पाणी मागं लोटते अन् बोट पुढं जाते. आमचा जुना पंखा दगडावर आदळून तुटला. मामानं मुंबईले लिहून धाडलं. दुकानदारानं दोन पंखे धाडले, म्हणे जो जमन तो ठेवा, दुसरा वापस करा. शेगावच्या टेसनावरून पेटी आणली, उघडली... एक पितळेचा, तीन पात्यायचा, पाती अशी पिळलेली जशी पहिलवानाची मिशी. उन्हात धरला तं डोळे दिपत. दुसरा काळा, बिडाचा, चार पाती, रुंद अन् चपटी. म्या म्हणलं, हा पंखा हाये का चुलीवरचं झाकण?

पितळेचा लावला. मी अन् मामा रिकाम्या बोटीत बसलो, धरणाचा एक फेरा मारला. बाप्पा, बाप्पा! पाणी दोन्हीकडून फाटे, बगळे उडाले, मामाचं उपरणं उडालं. मामा म्हणे, हेच राहू दे. काळा पंखा वापस धाडेपर्यंत म्या बोटीतल्या ताडपत्रीवर ठेवला, ती उडू नोको म्हणून.

पण बाजारच्या दिवशी ज्वारीची पोती, कांद्याची पोती, बकऱ्या, बाया, लेकरं, सगळं भरलं का आमची तीच बोट अशी चाले जशी नवी नवरी सासरी चालली.

त्या दिवशी घाटावर पवलो तवा बाजार अर्धा उठला होता. पंचफुलानं मेथीची एक जुडी उचलली. म्या म्हणलं, आता देवाले वाह्यते का काय. ती जुडी तिनं मले फेकून मारली. छातीवर लागली.

“घे. तुह्या म्हशीले घाल,” म्हणाली, अन् टोपलं डोक्यावर घेऊन निघाली. वळून पाह्यलं तिनं. एकदा. म्या बी पाह्यलं, पण रागानं पाह्यलं.

पुढच्या बाजाराले ती परत आली. परत बोट रेंगाळली, परत भाजी सुकली. म्या दिवसभर तयारी करून ठेवली होती, का संध्याकाळी वापस जाताना ती काय काय बोलन अन् मी काय काय सुनावीन. पण ती गप. पार पल्याडचा काठ दिसाले लागला तवा पाण्याकडं पाहून म्हणाली,

“पुढच्या बाजाराले मी नाई येणार.”

“काऊन?”

“बाबा म्हणते, बैलबंडीनं, धरणाच्या फेऱ्यानं नेऊ माल. आदल्या रातीच निघा लागते. पोरीले कोण नेते रातच्या बंडीत? मी घरीच राहीन आता.”

“बरं झालं!” मी म्हणलो. “बोटीचं वजन कमी होईन.”

तोंडातून निघून गेलं. माह्यं असंच हाये, आधी तोंड चालते, मंग मी. ती काई बोललीच नाई. एक शब्द नाई! मले असा संताप आला... भांडणारी पोट्टी परवडली, ही अशी मान खाली घालणारी नाई. हे काय भांडण झालं? हे तं बेइमानी झाली.

“आता बोल ना काईतरी!”

“काय बोलू?” तिनं डोळे पुसले का वाऱ्यानं आलेले केस सारले, मले समजलं नाई. “तो काळा पंखा कायचा हाये ताडपत्रीवर?”

“भंगार हाये तो. पितळेचा लय पळते. म्या सोता पळवून पाह्यला.”

“भरली बोट?”

“रिकामी. मंग?”

अन् ती हासाले लागली. आता आता रडत होती, अन् हासाले लागली!

“बैलबाजारात बैल असा पारखते का कोणी, हिंमतराव? तिथं बंडीची चाकं दोरानं बांधतात, वर माणसं बसवतात, मंग जोडी जुंपतात. बांधली बंडी जे हालवन ते जोडी खरी. तुमी तं शंकरपटात पळणारा गोऱ्हा ढेपीच्या बंडीले जुंपला, अन् वरून म्हणता चालत काऊन नाई!”

हिंमतराव. मले आजवर सगळं गाव हिंम्या म्हणे. राग आलाच, पण कुठी ठेवावा समजेना.

“बोट काय बैल हाये?”

“दोघायले बी ओढाच लागते ना? मंग बांध बोट. दोर हाये, काठावर बाभूळ हाये. का भेतं?”

भेतं! मले म्हणते भेतं!

काठाले लागलो तशी म्या बोटीचं तोंड धरणाकडं फिरवलं, मागच्या कडीले दोर बांधला, दुसरं टोक बाभळीले. आत माणसं, सरकीच्या ढेपीची पोती, मिठाची पोती, सगळं होतं तसंच. लोक ओरडले, अरे आमाले घरी जाऊ दे. पंचफुला काठावर उभी राह्यली, हात कमरेवर.

“कोणी उतराचं नाई! ढेप बी नाई उतरवाची! रोज बोटीच्या नावानं बोंबलता, आज बसा जरासे!”

बसले. माह्यं कोणी आयकत नाई, तिचं आयकलं.

इंजन चालू केलं. पितळेचा पंखा फिरला. इंजन कण्हाले लागलं, काळा धूर, अन् दोर...? दोर पाळण्याच्या दोरीवानी झुलून राह्यला पाण्यावर. बाभळीचं एक पान हाललं नाई.

“पाह्यलं?” ती म्हणाली.

म्या इंजन बंद केलं, पाना घेतला, पाण्यात उतरलो. कमरेइतकं पाणी, पंखा दिसत नाई, सगळं चाचपत. बोटं सोलली. मामा वरून शिव्या देऊन राह्यला, बकऱ्या ओरडून राह्यल्या. अन् ती लुगडं खोचून कमरेइतक्या पाण्यात येऊन माह्याजवळ उभी.

“नट दे इकडे,” म्हणाली. “तू पाडशीन.”

“मी नाई पाडत!”

“पाडशीन. पाना उलटा धरला तू.”

दिसत नोतं म्हणून धरला. अंधार असते पाण्याखाली संध्याकाळी.

तिनं नट मुठीत धरून ठेवला. म्या काळा पंखा चढवला, दाबला, अन् हात मागं केला. तिनं नट तळहातावर ठेवला माह्या... ऊन होता तो. एवढ्या गार पाण्यात एवढासा लोखंडाचा नट, अन् ऊन ऊन. म्या तो फिरवाचा विसरलो.

“काय झालं?”

“काई नाई! आटे पाहून राह्यलो.”

मंग म्या बोटीत चढून इंजन चालू केलं, अन् दोर पाह्याले काठावर उडी मारली. खोकला गेला होता. गुणगुणून राह्यलं होतं इंजन, जशी माजघरात बाई दळण दळते. धूर पातळ झाला. दोर हळूच पाण्यातून वर आला, त्याचं पाणी टिपटिप गळालं, अन् एकतारीच्या तारेवानी ताठ झाला. बाभूळ चरचरली...

“हिंम्या, बंद कर बे!” मामा ओरडला.

अन् दोर तुटला!

बोट गेली. माणसं, ढेप, बकऱ्या, मामा — सगळ्यायले घेऊन भर धरणात गेली. मामाले सुकाणू समजते, इंजन बंद करणं काई समजत नाई. “हिंम्या! थांबव बे हिले!” असा त्याचा आवाज लहान लहान होत गेला. आता मी काठावरून कशी थांबवू?

काठावर मी अन् ती. दोघं बी ओलेचिंब. आमी बोटीकडं पाहून राह्यलो, एकमेकायकडं पाहू नये म्हणून.

“तुहं पितळ लय मोठा घास घेत होतं,” ती हळूच म्हणाली. “नांगर खोल घातला तं बैल बसतेच. हा काळा लहान लहान घास घेते.”

“बस बस. लय शहाणी.”

“म्या काय म्हणलं... बोट तं पळाली.”

“हाव.”

“मंग बाबा बंडीनं कायले जातीन?”

म्या पाह्यलं तिच्याकडं. पापणीवर पाण्याचा एक थेंब होता, पडू पडू करे अन् पडत नसे. पुसून टाकावा वाटला. माह्ये हात ऑइलचे.

“अन् पोरगी?” म्या विचारलं.

“पोरगीचं काय?”

“नाई... बंडीनं नाई तं... पोरगी...”

“मेथी येईन तं पोरगी येईन,” ती म्हणाली, अन् थेंब पडला.

मामा मोठा फेरा मारून आला तवा मी पाण्यात धावत जाऊन इंजन बंद केलं. मामानं माह्या पाठीत एक घातली. मले लागलीच नाई. याचा बी मले नंतर राग आला.

पुढच्या बाजाराले रंगराव सोता बोटीत बसून आला. उतरल्यावर त्यानं मेथीची जुडी उभी धरून पाह्यली, ताठ होती. म्हणे, “बोट बरी हाये. पोरगीच आणत जाईन भाजी. माह्या पायाले अजून बरं नाई.” अन् तरातरा चालत गेला बाजारात.

तुमाले वाटन, सगळं चांगलं झालं. काय चांगलं झालं? कोणाचं चांगलं झालं? आता बोट अशी पळते का ती बसली नाई बसली तं घाट येते. भांडण सुरू करावं, पहिला टोमणा मारावा, तिनं नाक उडवावं, उत्तर तोंडाशी यावं, अन् मामा म्हणते, “चला, उतरा!” आधी त्या मेल्या पितळेच्या पंख्यानं आख्खी सकाळ भांडाले भेटे! म्या सोताच्या हातानं, बोटं सोलून, सोताचाच घात केला. अन् जो तो मले म्हणते, वा हिंम्या, काय पंखा बसवला. जळो तो पंखा.

अन् आज सकाळचं आयका.

आज बोट जड. पंखा बरोबर, इंजन बरोबर, धूर नाई, पण चालच नाई. मागची बाजू पाण्यात बसलेली. म्या सगळं शोधलं. तिच्या टोपल्यायच्या मागं एक पोतं. टोपल्याइतकंच मोठं, पण मले एका हातानं हालवेना.

“काय हाये ह्यात?”

“रताळी.”

म्या तोंड सोडलं पोत्याचं. गोटे! नदीतले काळे, गुळगुळीत, चांगले निवडून आणलेले गोटे!

“हे विकतं तू बाजारात?”

“नाई.”

“मंग काऊन आणले?”

ती पदराचं टोक बोटाले गुंडाळून राह्यली. सगळ्या बोटीत जिची जीभ सगळ्यात तिखट, तिचा आवाज मले वाकून आयका लागला.

“लय पळते आता तुही बोट...”

सांगा आता! म्या बोटं सोलली, मामाचा मार खाल्ला, आख्ख्या गावापुढं हासू करून घेतलं, बोट हलकी चालावी म्हणून — अन् ही पोट्टी गोटे भरून आणते! असा संताप आला का म्या पोतं दोन्ही हातायनं उचललं, बोटीच्या कडेले नेलं, पाण्यात टाकाले...

“टाक ना,” ती म्हणाली. डोळे माह्यावरच. वटारलेले नोते.

म्या पोतं वापस आणून तिच्या पायाशी आपटलं.

“एवढ्यानं काय होते?” मी म्हणलो, रागातच. “पुढच्या बाजाराले दोन आण.”

अन् परतीले बोट अजून हलकी असते, हे त्या शहाणीच्या ध्यानात बी नाई! म्हणून घाटावर बसून म्या आता एक पोतं भरलं... ह्या घाटाचे गोटे तिकडच्यापेक्षा वजनदार हायेत. मामाले सांगू नोका. ते पाहा, माणसं चढली, अन् ती टोपलं बडवून राह्यली, “हिंमतराव, येता का आमी जाऊ?” माह्याबिगर इंजन चालू होत नाई हे माहीत असून! हात लावा जरासा ह्या पोत्याले, डोक्यावर द्या माह्या. मले आता जा लागते.