सूक्ष्म ते शून्य

सोमवारी सकाळी साडेसहा ते सात या अर्ध्या तासात कराड केंद्राच्या अकरा हजार सहाशे माणसांना काहीही ऐकू येत नसे, आणि त्याची त्यांना सवय झाली होती. कुणी तेवढ्यात पूजा उरके, कुणी दाढी. एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या पत्नीने तर आठवडाभर साठलेलं सगळं याच अर्ध्या तासात नवऱ्याला सुनावून टाकायची पद्धत पाडली होती. सात वाजता कानामागचा दाणा जागा होई आणि संसार पुन्हा ऐकू येऊ लागे.

दाण्याचं कागदोपत्री नाव श्रवणबीज. तांदळाएवढी चिप, कानामागच्या हाडात बसवलेली. ती आवाजाचे आकडे करी आणि ते थेट श्रवणाच्या नसेला कळवी. नस ही जिवंत वस्तू, दर आठवड्याला थोडी बदलणारी. म्हणून दर सोमवारी प्रत्येकाचा प्रोग्राम नव्याने बांधावा लागे. माणसांनी लिहिलेला प्रोग्राम चिपला कळेल अशा भाषेत उतरवण्याचं काम कंपायलरचं. आणि कंपायलरने ते कसं करायचं, कुठे घाई करायची, कुठे जपून, हे सांगणारं दोनशे बारा ओळींचं बांधणी-पत्रक सांभाळण्याचं काम विदुला करंजकरचं.

विदुला एक्कावन्न वर्षांची होती. पूर्वी ती छापखान्यात लग्नपत्रिकांचे खिळे जुळवायची. तो धंदा बसल्यावर ती हे शिकली, कुणी न शिकवता, एकेक ओळ बदलून आणि काय मोडतं ते बघून. गेल्या दिवाळीत तिने पत्रकातली एकशे सत्तेचाळिसावी ओळ बदलली होती. ओळ अशी: ‘सूक्ष्म ते शून्य’. पुढे ‘नाही’ होतं, तिने ‘हो’ केलं. अगदी बारीक, जवळजवळ नसलेल्या आकड्यांचे हिशेब करताना चिपचा जीव निघतो. ते आकडे शून्यच धरले की तिचे कष्ट वाचतात. अकरा तास टिकणारी बॅटरी अठरा तास टिकू लागली. केंद्राने विदुलाला शाल आणि नारळ दिला. नारळाच्या तिने वड्या केल्या आणि ऑफिसातच वाटल्या.

जूनमधल्या एका मंगळवारी तक्रार-खिडकीवर विदुला बसली असताना दोन बायका आल्या. थोरली साठीपुढची, हातात सुतळीने बांधलेले दोन माठ. धाकटी तिची सून, चेहरा आधीच माफी मागितल्यासारखा.

“दाना काढून घ्या,” थोरली म्हणाली. तिचं नाव शालन कुंभार, तासगावच्या बाजारात मडकी विकणारी.

“काय त्रास होतोय, मावशी?”

“तरास न्हाई. ऐकू ब्येस येतंय. पर खोटं येतंय.”

सून, रेश्मा, पुढे सरकली. “मॅडम, मी सांगते. आमच्यात भट्टी उघडली की एकेक मडकं ह्या वाजवून बघतात. चांगलं निघालं की बुडाशी चुन्याचं बोट लावतात. बाजारात गिऱ्हाईक ते बोट बघून माठ घेतं. आता दिवाळीपास्नं बोट लावलेले माठ गळायला लागलेत. वय झालं असंल, एवढंच मी म्हटलं...”

“म्हटली न्हाईस. मडकी तपासायचं मशीनच बघून आलीस.”

“बघितलं नुसतं, आत्या.”

“लगीन बी नुसतं बघूनच ठरतंय.” शालनबाई विदुलाकडे वळल्या. “परवा बिस्तरवारी भट्टी उघडायची. आठशे नग. ह्यातलं एक जरी गळालं तरी माझं बोट पुसलं म्हणा. पन्नास वर्सं लावतीया मी ते. तुमचा दाना येण्याआधी निम्मी बहिरी हुते तरी मडकं चुकत नव्हतं. काढा.”

विदुलाने त्यांची नोंद उघडली. सगळ्या खुणा हिरव्या. दाणा बसवून सात वर्षं झालेली, चार हजार चाचण्या उत्तम पास: वाक्यं, हॉर्न, दारावरची बेल, कुकर, तान्ह्या मुलाचं रडणं. तिने तसं सांगितलंही.

एक माठ गळ्याशी धरून शालनबाईंनी बोटाच्या पेराने टकटक केली. खणखणीत. मग दुसरा. तोही खणखणीत.

“मला दोनी सारखेच. आन् ह्यो दुसरा गिऱ्हाइकानं तोंडावर परत आणलाय.”

“पुन्हा वाजवा,” विदुला म्हणाली. तिला स्वतःच्या साध्या कानांनी काहीतरी लागलं होतं. दुसरा माठ पहिल्यासारखाच बोलत होता, पण आवाज विझता विझता किंचित घोगरा होत होता. केसभर चिरेचा घोगरेपणा. तोही अगदी शेवटाला, कानाला शंका यावी इतकाच.

तिने शालनबाईंचा दाणा पडद्याशी जोडला आणि पुन्हा वाजवायला सांगितलं. आकडे भराभर उतरले. मोठे, मग लहान, आणखी लहान. आणि जिथे तिला घोगरं ऐकू आलं होतं नेमक्या तिथे: शून्य, शून्य, शून्य.

ती शून्यं विदुलाचीच होती, एकशे सत्तेचाळिसाव्या ओळीची.

केंद्रप्रमुख इरफान मुल्ला सज्जन माणूस होता आणि अशा प्रसंगी आधी चष्मा पुसत असे.

“चार हजार चाचण्या आहेत ना?”

“त्यात मडकं नाही.”

“मडकं कशाला असेल?”

“तेच. मीसुद्धा हेच म्हटलं असतं. बोलणं मोठं असतं इरफानभाई, त्याचं काही बिघडत नाही. आवाज संपत येतो तेव्हाचा भाग मी कापलाय. सगळ्यांचाच.”

“एका पेशंटपुरती ओळ बदलता येते. फॉर्म भर.”

फॉर्मवर कारणासाठी दीड इंचाची चौकट होती. विदुलाने लिहिलं: मडकी. इरफानने ते वाचलं, तिच्याकडे पाहिलं आणि सही केली.

ओळ बदलून एकट्या माणसाची बांधणी पहिल्यापासून करावी लागते, ती सोमवारच्यासारखी अर्ध्या तासात उरकत नाही, चाळीस मिनिटं चालते. तेवढा वेळ शालनबाई ठार बहिऱ्या होऊन बाकावर बसल्या, चहा प्यायल्या आणि आपल्याला ऐकू येत नाही म्हणजे कुणालाच येत नाही अशा समजुतीने रेश्माबद्दल मोठ्यांदा बोलल्या. पोरगी वाईट नाही, हात चांगला आहे, चाकावर माझ्याहून सरस बसते, पण कौतुक केलं की डोक्यावर बसेल. रेश्मा जमिनीकडे बघत होती. कान मात्र लाल झाले होते.

दाणा जागा झाला. विदुलाने दुसरा माठ पुढे केला.

टकटक.

शालनबाईंनी मान तिरकी केली. पुन्हा वाजवला, या वेळी हळू.

“हां,” त्या म्हणाल्या. “हितं. हितं मरतंय ते.”

मग त्यांनी पहिला माठ वाजवला, चहाचा कप वाजवला, खिडकीची काच, टेबल, विदुलाचा जेवणाचा डबा वाजवला, आणि प्रत्येक वेळी आवाज पुरता संपेपर्यंत थांबल्या. रांगेतल्या लोकांनी कुरकुर केली नाही.

“एक आहे मावशी,” विदुला म्हणाली. “आता बॅटरी अकरा तासच चालेल. सकाळी सहाला लावलीत तर संध्याकाळी पाचला बंद.”

“पाचनंतर हीच बोलती. चालंल.”

रेश्मा हसली. हसणं दाबायचा प्रयत्न तिने केला, पण जमला नाही.

गुरुवारी दुपारी फोन आला. आठशेतले एकतीस माठ बाजूला काढले होते. बाकीच्यांना चुन्याचं बोट लागलं होतं. शालनबाई बोलतच नव्हत्या, मागे फक्त टकटक चालू होती. माहिती रेश्माने दिली, आणि तिच्या बोलण्यात मशीनचा विषय निघाला नाही.

विदुलाने फोन ठेवला. उरलेली माणसं अकरा हजार पाचशे नव्याण्णव होती.

“कुणाची तक्रार नाही,” इरफान म्हणाला.

“तक्रार करायला काय गेलं ते आधी माहीत लागतं. शालनबाईंना पन्नास वर्षं माहीत होतं.”

“आणि बॅटरीचे सात तास? ओळ मागे घेतलीस तर ते जातील. ते गेलेले मात्र सगळ्यांना कळतील, पहिल्याच दिवशी.” त्याने पुन्हा चष्मा काढला. “विचार त्यांना. काय हवंय ते त्यांनाच विचार.”

हे ऐकायला सोपं होतं. विदुलाने यादी लावली. जुन्या लोकांना निदान विचारता आलं असतं: आधी कसं होतं, आता कसं आहे? पण दिवाळीनंतर दाणा बसवलेली, जन्मापासून काहीच न ऐकलेली नऊशे माणसं होती. त्यांनी ऐकलेलं सगळं जग एकशे सत्तेचाळिसाव्या ओळीतूनच आलेलं होतं. त्यांच्यातलं पहिलं नाव अनघा तोडकर, वय चौतीस, विट्याच्या शाळेत चित्रकला शिकवते.

अनघाने पहिल्याच घंटीला फोन उचलला. तिचं बोलणं नवं होतं. शब्द एकेक करून, फुटतील अशा जपणुकीने ठेवत होती.

“मी खूप खूश आहे, मॅडम. रात्री मुलगी झोपताना बडबड करते. ती संपूर्ण ऐकते मी. माझ्या मैत्रिणीचा जुना दाणा, दुसऱ्या केंद्राचा. तो संध्याकाळी सातलाच बंद पडायचा. ते अठरा तास तेवढे काढून घेऊ नका हं.”

“नाही, नाही. मला फक्त एक विचारायचं होतं.” विदुलाने प्रश्न कागदावर लिहून आणला होता. दोनदा खोडून, तिसऱ्यांदा लिहिलेला. तोही आता बरोबर वाटेना. तिने कागद बाजूला ठेवला. “अनघाताई, एखादा आवाज संपतो ना. शाळेची घंटा समजा. ती तुमच्याकडे कशी संपते?”

पलीकडे अनघा विचार करत होती. ती प्रामाणिकपणे विचार करते आहे हे फोनवरूनही कळत होतं.

“संपते म्हणजे... असते, आणि मग नसते,” ती म्हणाली. “का हो? आणखी कशी संपते?”