ऐकू येईल ते म्हणायचं

खरं सांगते. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या.

ही गोष्ट माझ्या मावसबहिणीची, वर्षाराणीची. कोल्हापूरच्या कडेला उचगाव आहे, तिथं तिच्या सासरी गेल्या उन्हाळ्यात घडलेली. आणि आधीच सांगून ठेवते, रात्रीची नाही. अमावस्या नव्हती, कुत्री रडली नव्हती. रविवारची भरदुपार होती आणि शेजारच्या घरात मटणाचा रस्सा शिजत होता.

तरी लिहिताना माझ्या अंगावर काटा येतोय.

वर्षाला ऐकू येत नव्हतं. जन्मापासून नाही. कॉलेजात असताना मोठा ताप आला, तापातून उठली, पण कान गेले ते गेलेच. कानामागचं मशीन लावून बघितलं. त्यातून नुसतं घुं घुं यायचं, शब्द एक कळायचा नाही. मग ती ओठ वाचायला शिकली. बोलायची मात्र पहिल्यासारखी, जरा मोठ्यानं. आता आमच्या कोल्हापुरात मोठ्यानं बोलणारं माणूस वेगळं कुठं ओळखू येतंय?

लग्न त्यानंतर झालं. नवरा कृष्णात, एमआयडीसीत फौंड्रीत कामाला. सासू चिमणाबाई. मागं गोठ्यात दोन म्हशी. एवढाच पसारा.

सुनेला बोलवायची चिमणाबाईंनी एक रीत काढली होती. हाक मारून उपयोग नाही, मग त्या काठी फरशीवर आपटायच्या. ठक ठक. वर्षा घरात अनवाणी असायची. तिच्या तळपायाला ते बरोबर कळायचं. वळून विचारायची, "काय वो आत्या?"

इतक्या वर्षांत चिमणाबाईंनी तिला तोंडानं एकदाही हाक मारली नव्हती. मारणार तरी कशाला?

हे तेवढं लक्षात ठेवा.

मग एका दुपारी चिमणाबाई गोठ्यात पाय घसरून पडल्या. गोठ्यात फरशी नाही, माती. तिथं काठी आपटली असेल तरी घरात कळणार कुठून... वर्षा स्वयंपाकघरात पाठमोरी बसून भाकरी थापत होती. मध्ये फक्त एक भिंत. भाकरी झाल्यावर म्हशींना पाणी दाखवायला गेली, तेव्हा सगळं संपलं होतं.

कृष्णात घरी नव्हता. फुटबॉलची मॅच बघायला गेला होता, असं त्यानं सगळ्यांना सांगितलं. माती देऊन आल्यावर तो पुढच्या सोप्यात बसून पोरासारखा रडला.

"हाका मारून मारून घसा सुकला आसंल गं आईचा..."

सगळ्यांनी वर्षाकडं बघितलं.

तिनं नवऱ्याचे ओठ वाचले होते.

त्या दिवसापासून पोरगी बधिर झाली. कानानं होतीच, आता मनानंही. धारा काढायची, डबा भरायची, अंगण झाडायची, पण डोळ्यांत पाणी म्हणून नाही. मी एकदा तिला हलवून म्हटलं, "अगं, रड की जरा!" तर मला म्हणते, "कशानं रडू आक्का? आत काय न्हायच."

एकच गोष्ट तिच्या डोक्यात अडकून बसली होती. मला ऐकू आलं असतं तर आत्या वाचल्या असत्या.

कानाच्या ऑपरेशनचा विषय कृष्णातनंच काढला. शहरातल्या डॉक्टरांकडं घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, साधं मशीन आवाज नुसता मोठा करतं, पण हिच्या आतल्या कानातच बिघाड आहे, तिथं मोठा करून काय उपयोग? हे नवीन इम्प्लांट बिघडलेला भाग सोडून थेट नसेला आवाज पोचवतं. एक भाग आत बसवायचा, एक बाहेर, डोक्याला लोहचुंबकानं चिकटणारा. आता तर फोनचा आवाजही सरळ त्यात येतो, गर्दीतला गलका ते आपोआप कमी करतं. पण म्हणाले, जादू समजू नका. मेंदूला नव्यानं ऐकायला शिकवावं लागतं.

वर्षानं एकच विचारलं. "भिंतीपलीकडची हाक ऐकू येईल?"

डॉक्टर म्हणाले, "सराव केला तर येईल."

"मग करा."

सगळी आळी म्हणायची, नवरा असावा तर असा. मीसुद्धा म्हटलंय. आता माझ्याच जिभेला चटका द्यावासा वाटतो.

ऑपरेशन नीट झालं. जखम भरल्यावर मशीन चालू करायचा दिवस आला. ते काम दीक्षा मॅडमकडं होतं. शांत बाई, वर्षाच्याच वयाची. मॅडमनी कॉम्प्युटरवर काहीतरी केलं आणि म्हणाल्या, "वर्षाताई, येतंय का ऐकू?"

मॅडमचा आवाज तिला तांब्यात तोंड घालून बोलल्यासारखा आला. पण आला. मी रडले, कृष्णात रडला. वर्षानं फक्त मान डोलावली.

मॅडमनी घरी करायचा सराव समजावून सांगितला. घरातल्या कुणीतरी रोज मागं बसायचं. तोंडावर टॉवेल धरायचा आणि एक-एक शब्द बोलायचा.

"आणि तुम्ही काय करायचं, वर्षाताई? जे ऐकू येईल ते जसंच्या तसं म्हणायचं. कोण बोललं, का बोललं, बरोबर का चूक, विचारच करायचा नाही. ऐकलं की म्हणायचं."

वर्षानं हे अक्षरशः पाळलं. एक काम सांगितलं की तेच धरून बसायची तिची जुनी खोड.

रोज संध्याकाळी कृष्णात मागं बसायचा.

"तवा."

"तवा."

"वैरण."

"वैरण."

महिना-दीड महिन्यात भलती सुधारणा झाली. कुकरची शिट्टी कळायला लागली, भाकरी थापल्याचा आवाज कळायला लागला. भाकरीला आवाज असतो हे ती विसरूनच गेली होती.

आणि मग एका संध्याकाळी...

"पाटी," कृष्णात म्हणाला.

"पाटी," ती म्हणाली.

आणि एकाएकी सगळे आवाज बंद झाले. पंखा फिरत होता, पण त्याची घरघर नव्हती. रस्त्यावरून ट्रॅक्टर गेलेला दिसला, पण मुका. तिला वाटलं, बॅटरी संपली.

तेवढ्यात त्या शांततेत मागून एक शब्द आला. थकलेला.

"कृष्णा..." वर्षा म्हणाली.



ती वळली. कृष्णातच्या हातातला टॉवेल खाली पडला होता. त्याचे ओठ तिनं वाचले.

"मी न्हाय म्हटलं ते."

"मग कोण म्हटलं?"

"मशीनचा घोळ आसंल. काढून ठेव ते."

त्याला कृष्णा म्हणून हाक मारणारं माणूस जगात एकच होतं, त्याची आई. ते वर्षाला ठाऊक नव्हतं. समोरच्याचं बोलणं ओठ वाचून कळायचं, पण सासू पोराला हाक मारायची ती दुसऱ्या खोलीतून. तिथले ओठ कोण वाचणार?

दीक्षा मॅडमनी मशीन तपासलं. ठणठणीत. फोन त्याला जोडलेला नव्हता. मॅडम म्हणाल्या, "ह्यात आवाज साठत नाही हो, वर्षाताई. कधीकधी मेंदूच जुने ऐकलेले आवाज भरून काढतो."

"पण मी हा कधी ऐकलाच न्हवता," वर्षा म्हणाली.

मॅडमनी मशीन परत एकदा तपासायला घेतलं.

त्यानंतर कृष्णात सरावाला टाळाटाळ करायला लागला. आज दमलोय, आज ओव्हरटाइम हाय. एरवी रविवारी दुपारी सोप्यात लोळणारा माणूस, आता घरात थांबेना. पण त्या रविवारी शेजारच्या झुंबरबाई रश्श्याची वाटी घेऊन आल्या आणि त्यांनी त्याला दारातच धरला.

"कुठं निघालास रं? बायकू एकलीच भिताडाकडं बघत बसलीया. बस की मागं! मला बी बघू दे कसं शिकवतुयास."

आता झुंबरबाईंपुढं कुणाचं काय चालतंय? बसला बिचारा. तोंडावर टॉवेल धरला. वर्षा पुढं भिंतीकडं तोंड करून बसली. झुंबरबाई कडेला.

"घागर."

"घागर."

"दावं."

"दावं."

मग पंख्याचा आवाज गेला...

वर्षाला आता ते ओळखीचं झालं होतं. तिनं कान दिला. मॅडमनी सांगितलं होतं, विचार करायचा नाही. ऐकलं की म्हणायचं.

"कृष्णाऽऽ..."

झुंबरबाईंच्या हातातली वाटी कलंडली.

"आरं कृष्णा... पडलो रं मी..."

आमच्याकडं बायकाही पडलो, आलो असंच बोलतात. वर्षाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मागून वाक्य येत होतं, ती म्हणत होती. मध्ये खोकल्याची उबळ ऐकू आली. तीही तिनं काढून दाखवली. तसाच कोरडा, ओढून आणलेला खोकला.

"आरं ये की... आलो आलो म्हणतुयास... अन् येत न्हाईस..."

मागं खुर्ची सरकली. तिला ती ऐकू आली नाही.

"कानातलं ते काढ की रं बाळा..."

आणि मग काहीच नाही. वर्षा पुढच्या शब्दाची वाट बघत बसली. मग पंख्याची घरघर परत आली. मागून कुणीतरी हुंदके देत होतं.

ती वळली. कृष्णात खाली फरशीवर बसला होता. टॉवेल तोंडात कोंबलेला. आणि दोन्ही हात कानांवर गच्च दाबलेले.

चांगल्या कानांचा माणूस. त्याला तर यातलं काही ऐकूही आलं नव्हतं, बायकोच्या तोंडून आलं तेवढंच.

"बरोबर म्हटलं का मी?" वर्षानं विचारलं.

झुंबरबाई तिच्यासमोर आल्या आणि एक-एक शब्द सावकाश बोलल्या. "वर्षे, त्यानं तोंडच उघडलं न्हाय गं. तू बोललीस ते... ती चिमणाबाई हुती. तो खोकला बी तिचाच."

वर्षानं नवऱ्याकडं बघितलं. त्यानं टॉवेल काढला. तिच्याकडं तोंड करून बोलला, म्हणजे तिला ओठ दिसावेत.

"मी मॅचला गेलोच न्हवतो, हितंच सोप्यात हुतो. हेडफोन लावून मॅच बघत हुतो. एक हाक आली. आलो म्हटलं, अन् परत लावला कानाला. मला वाटलं, म्हशीचं काय तरी आसंल... मॅच संपल्यावर गेलतो. बघितलं अन् मागल्या दारानं भाईर पळालो."

मागच्या दारानं. बायको भाकऱ्या थापत होती तिच्या पाठीमागून गेला तो, आणि तिला कळलंही नाही. गेला आणि तासाभरानं लोकांबरोबर परत आला. रडत. मग म्हणाला, हाका मारून घसा सुकला असेल. त्याला माहीत होतं की सुकला होता!

ही माझी चिडचिड झाली. वर्षा चिडली नाही. तिनं मला नंतर सांगितलं, "मला वाटलं, आता राग येईल. वाट बघितली आक्का. न्हाय आला." ती उठली, सांडलेला रस्सा पुसला आणि म्हशींना वैरण टाकायला गेली.

दुसऱ्या दिवशी कृष्णातनं हात जोडले. "घरात नको घालूस ते मशीन. पाया पडतो तुझ्या."

"आता काढायची न्हाय मी," ती म्हणाली. "आत्यांना कुणीतरी ओ द्यायला पायजे."

गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडं गेले होते. वर्षानं नुकतंच न्हाऊन केस मोकळे सोडले होते, चुलीपुढं बसून भाकरी थापत होती. मशीन फळीवर त्याच्या डबीत होतं, ओलावा राहू नये म्हणून ठेवतात त्यात. मशीन नसलं की तिला आजही ठार ऐकू येत नाही. म्हणून मी पहिल्यासारखी समोर बसून, तोंड दिसेल अशी तिच्याशी बोलत होते. कृष्णात दारात बसला होता. वाळलाय माणूस.

बोलता बोलता तिचा हात थांबला.

मान जराशी वळली. गोठ्याकडं...

"आलो आत्या," ती म्हणाली.

आणि पिठाच्या हातानं उठून गेली. मी डबीकडं बघितलं. मशीन डबीतच होतं. मी देवाची शपथ घेऊन सांगते, डबीतच होतं.

थोड्या वेळानं ती परत आली. माती तळपायाला लागली होती. कृष्णात धडपडत उठला आणि तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"मला बोलवत्यात का गं?"

तिनं त्याचे ओठ वाचले.

"न्हाय वो," ती म्हणाली. "तुमचं नाव आता घेतच न्हाईत. मलाच बोलवत्यात. वर्षा म्हणून."

तो तिथंच भिंतीला टेकून खाली बसला. ती परातीपुढं बसली आणि राहिलेली भाकरी थापायला लागली.

मी अजून तिच्याकडं जाते. पण दुपारची जात नाही. आणि मला घरातून कुणी हाक मारली ना, की हातातलं काम तसंच टाकून उठते.