कॅमेऱ्याच्या डाव्या हाताला

आखातातल्या अल कुसैसच्या सुपरमार्केटमध्ये शोभनाबाईंमुळे रांग अडली होती. मेथीची जुडी, पडवळ आणि आलं घेऊन त्या सरळ पैसे द्यायला आल्या होत्या आणि काउंटरवरची मुलगी पुन्हा पुन्हा "स्टिकर, मॅडम, स्टिकर" म्हणत होती. तेवढ्यात मागून एक उंच, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ पुढं झाले.

"ताई, इथं भाजी आधी तिकडं वजन करून, स्टिकर लावून आणायची असते. द्या इकडं."

पिशव्या घेऊन ते वजनकाट्याकडं गेले. परत येताना मात्र त्यांची चाल मंदावली.

"तुम्ही... कुडाळच्या डॉक्टर सामंतांच्या वहिनी का?"

"नाही."

"मग बांद्याच्या शाळेत शिकवायला होतात. नक्की."

"नाही हो."

"पण चेहरा इतका ओळखीचा..."

"माझा चेहराच तसा आहे," शोभनाबाई म्हणाल्या आणि पिशव्या घेऊन बाहेर पडल्या.

हे त्यांना नवीन नव्हतं. उभ्या आयुष्यात लोकांनी त्यांना कुणाची तरी मावशी, कुणाची तरी शेजारीण ठरवलं होतं. त्या सिनेमानटी होत्या, पण नाव लक्षात राहावं अशातल्या नव्हेत. ऐन पंचविशीत एकदा हिरोच्या आईचं काम करणारी बाई आजारी पडली, म्हणून दिग्दर्शकानं यांच्या केसांना पांढरी पावडर लावून उभं केलं. हिरो त्यांच्याहून चांगला मोठा होता. सिनेमा चालला, आणि ती पावडर मग केसांतून निघालीच नाही. आई, सासू, घरमालकीण, नर्स, स्वयंपाकीण... पुढं केस खरेच पिकले तेव्हा मेकअपवाल्याचं काम वाचलं, एवढंच. ओळख सांगायचा त्यांना कंटाळा होता. सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, 'ती हिरॉइन खरंच इतकी गोरी होती का हो?'

नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. या हिवाळ्यात त्या मुलाकडं, सुयशकडं, व्हिजिट व्हिसावर आल्या होत्या. सुयश आणि सूनबाई दिवसभर ऑफिसात, नात अंतरा शाळेत. म्हणून संध्याकाळी त्या तळ्याकाठच्या बागेत फेऱ्या मारू लागल्या. दोनच दिवसांत तिथल्या बाकावर पांढऱ्या मिशा दिसल्या.

"नमस्कार. मी दत्तप्रसाद नाबर. लोणच्या-मसाल्यांचा धंदा आहे, आता मुलगा बघतो. बसा ना ता... नको. ते 'ताई' मी परत घेतो."

"का बरं?"

"उगाच घाई केली असं वाटतंय."

शोभनाबाईंनी तळ्यातल्या बदकांकडं पाहिलं. हसू लपवायला बदकं बरी पडतात.

मग रोजचंच झालं. एक फेरी, बाक, आणि कोपऱ्यावरच्या टपरीचा करक चहा. वेलची घातलेला, इतका आटवलेला की ओठांना चिकटावा. नाबर कुडाळ, सावंतवाडी, वेंगुर्ला असे एकेक गाव काढून त्यांना कुठं पाहिलंय ते शोधत राहिले. एक दिवस ते म्हणाले, आज गुडघा बोलतोय, तर चहा त्याच आणायला गेल्या. दोन्ही हातांत कप धरून, मान जराशी झुकवून, बाकापासून थोड्या अंतरावर त्या क्षणभर थांबल्या आणि मग पुढं आल्या.

नाबर उठून उभे राहिले.

"तुम्ही दारात थांबता," ते म्हणाले. "ट्रे घेऊन. मुलाला नोकरी लागल्याचं पत्र आलेलं असतं आणि तुम्ही आत येत नाही. आधी त्याला नुसतं बघून घेता."

शोभनाबाईंनी दोन्ही कप बाकावर ठेवले.

"तरुणपणी आम्ही इथंच, देऱ्यात, एका खोलीत आठ जण राहायचो," नाबर सांगू लागले. "शुक्रवारी कॅसेट आणायची, भाड्याचा व्हिडिओ लावायचा. हिरॉइन आली की शिट्ट्या. तुम्ही आलात की सगळे गप्प. आठही जणांची आई गावाला. नंतर जो तो म्हणायचा, एसीचं वारं डोळ्याला लागलं."

"आणि हिरॉइन?" शोभनाबाईंनी सवयीनं विचारलं.

"कोण होती बरं... नाही आठवत."

त्या संध्याकाळी त्या खूप बोलल्या. दोन-दोन शिफ्टा, उसन्या साड्या, डबा गार झाल्यावर मिळणारी जेवायची सुट्टी.

"प्रेमाचा सीन एकदाही नाही केला?" नाबरांनी विचारलं.

"केले की, पुष्कळ. फक्त कॅमेऱ्यात दिसले नाही." त्या हसल्या. "हिरॉइनला दुसऱ्या शिफ्टला जायचं असायचं. तिचे शॉट आधी उरकायचे. मग हिरोचा क्लोजप. त्याला बघायला समोर कुणीतरी हवं. ट्रेवाली आई मोकळीच असायची. मला उभं करायचे कॅमेऱ्याच्या डाव्या हाताला. तो माझ्या डोळ्यांत बघून म्हणायचा, तुझ्याशिवाय जगू शकत नाही वगैरे."

"आणि तुम्ही?"

"मी खांब. हलायचं नाही, पापणी लववायची नाही, चेहऱ्यावर काही आणायचं नाही. समोरच्याची तंद्री मोडते. त्याचं बोलणं संपलं की दोन पावलं बाजूला व्हायचं. बरेच हिरो माझ्याशिवाय कुणासमोर क्लोजप द्यायचे नाहीत."

"म्हणजे तुम्हाला सगळ्यांनीच..."

"सगळ्यांनी. आणि कुणीच नाही."

नाबरांनी शोभनाबाईंचा गार झालेला कप काढून घेतला आणि आपला गरम पुढं केला.

फेब्रुवारी सरत आला. व्हिसाची मुदत संपत होती. सुयशनं पुण्याचं तिकीट काढलं. ऊन वाढायच्या आत गेलेलं बरं, असं सगळ्यांचंच मत होतं. फक्त शोभनाबाईंना त्यांचं मत कुणी विचारलं नव्हतं, आणि त्यांनीही ते सांगितलं नव्हतं. आयुष्यभर वाक्यं दुसऱ्यानं लिहून दिलेली.

तिकिटाचं ऐकलं त्या दिवशी नाबर बाकावर बसलेच नाहीत. उभ्यानंच बोलले.

"शोभनाबाई, मला... हे नीट जमणार नाही. तुमच्याबरोबर चहा प्यायची सवय लावून घ्यायची नव्हती. लागली. माझी बायको गेल्यावर मी दुसऱ्या कपाचा विचारच सोडला होता. तुम्ही जाऊ नका. लग्न म्हणा, सोबत म्हणा... तुम्ही म्हणाल ते. मुलांशी मी बोलतो. मला तुम्ही हव्या आहात."

ते थांबले. वाट पाहू लागले.

आणि शोभनाबाई उभ्या होत्या. पाय जुळवलेले, हनुवटी किंचित वर, नजर सरळ त्यांच्या डोळ्यांत. पापणी लवत नव्हती. चेहऱ्यावर काही नव्हतं. ते गप्प झाल्याचं कळताच त्या दोन पावलं बाजूला झाल्या.

नाबरांचा चेहरा हळूहळू उतरला.

"खलास," ते मृदूपणे म्हणाले. "मी बोललो नाही, तुम्ही ऐकलं नाही."

ते गेले. ते फाटकाबाहेर पडेपर्यंत शोभनाबाई तशाच उभ्या राहिल्या. जणू कुणीतरी 'कट' म्हणायचं राहिलं होतं.

घरी ओट्यापाशी त्यांना अंतरानं पाहिलं. "आजी, व्हाय आर यू स्टँडिंग लाइक दॅट?"

त्यांनी खरं ते सांगितलं. तेरा-चौदा वर्षांच्या पोरीला सांगावं की नाही, हा विचार सांगून झाल्यावर आला.

"सो यू सेड नो?"

"मी काहीच म्हटलं नाही गं. अंगवळणीच पडलंय ते."

"दॅट्स वर्स, आजी." अंतरा विचारात पडली. "डू यू लाइक हिम?"

शोभनाबाईंनी गॅस बंद केला. "हो," त्या म्हणाल्या. किती सोपं होतं ते.

सुयश दारात होता. तो कधीपासून ऐकत होता कोण जाणे. त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"आई, तिकीट बदलता येतं. पण तू सांगितल्याशिवाय मी हात लावणार नाही."

नाबर बागेत यायचे बंद झाले. शोभनाबाईंनी एक दिवस वाट पाहिली, दुसऱ्या दिवशी पाहिली. तिसऱ्या दिवशी सकाळीच त्या त्यांच्या गोदामात जाऊन धडकल्या. आत मोहरीच्या फेसाचा, हिंगाचा झणझणीत वास. नाबर लोणच्याच्या बरण्यांची खोकी मोजत होते. त्यांना पाहून ते गडबडले.

"अहो, तुम्ही इकडं कशा?"

"त्या दिवशीचा शॉट माझ्यामुळे वाया गेला," शोभनाबाई म्हणाल्या. "तुमचं काम चांगलं झालं होतं. माझं चुकलं. तुम्ही बोलायला लागलात आणि मी आपली कॅमेऱ्याच्या डाव्या हाताला जाऊन उभी राहिले. मला वाटलंच नाही... की या वेळी तुम्ही ते मलाच सांगताय."

नाबरांच्या हातातली बरणी हळूच खाली टेकली.

"पुन्हा म्हणू?"

"नको. आता माझा क्लोजप आहे. या, इथं उभे राहा. थोडं इकडं. बस. आता हलायचं नाही, पापणी लववायची नाही, चेहऱ्यावर काही आणायचं नाही."

"यल्ला, करा सुरू," नाबर म्हणाले.

शोभनाबाईंनी पदर सारखा केला. समोर कागद नव्हता, आडून वाक्य सांगणारं कुणी नव्हतं.

"मी आजवर... म्हणजे, माझं स्वतःचं असं वाक्य मी कधी..." त्या थांबल्या. "मला जायचं नाहीये. मला तुमच्याबरोबर—"

नाबरांच्या मिशा थरथरल्या. डोळे भरून आले आणि त्यातच त्यांना हसूही फुटलं.

"हललात तुम्ही," शोभनाबाई म्हणाल्या.

"मी काय नट आहे का हो?"

कोणताही चांगला हिरो इथं थांबला असता आणि त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला लावलं असतं. शोभनाबाई थांबल्या नाहीत. त्या दोन पावलं पुढं आल्या, आणि त्यांनी आपलं वाक्य पुरं केलं.