सहावी चादर

१९७३ च्या एप्रिलात मी रामदासपेठेतल्या एका पेपरच्या डार्करूममध्ये कामाला होतो. घर कोष्ट्याचं, पण माग बंद पडले होते. फिल्म धुणं, फोटो छापणं आणि छापलेल्या फोटोतले डाग ब्रशानं बुजवणं ही माझी कामं. तेव्हा मला वाचता येत नव्हतं. मोजता येत होतं.

उमरेड रस्त्यावरच्या एका गावात विहीर खोदताना दरड कोसळली. आमचे फोटोग्राफर वामनराव मला सोबत घेऊन गेले. आम्ही पोचलो तेव्हा पाच प्रेतं दवाखान्याकडे रवाना झाली होती. काठावर नुसती माती.

"खाली हातानं गेलो तं संपादक मले दारात उभा करन का, गा?" वामनराव म्हणाले.

मग त्यांनी नेहमीचं केलं. गावातल्या पाच जणांना मातीवर झोपवलं. घरोघरच्या चादरी आणून मी स्वतःच्या हातानं त्यांच्या अंगावर टाकल्या. शेवटचा म्हातारा चादरीतून म्हणाला, "याद ठेवून उठवजा बरं, नाहीतं मलेही जाळून टाकान."

एक बाई तेवढी ठेकेदारासमोर उभी होती. तिचं नाव गोपिका.

"सहा जन उतरले होते. आमचे मालक वर आलेच नाहीत," ती म्हणत होती. "खोदा."

"चंद्रभान आज कामावर आलाच नोयता," ठेकेदार मनोहरराव म्हणाला. "पडला असन कुठं पिऊन."

तरी लोक खोदत होते.

दुपारी मी फोटो छापला. औषधाच्या पाण्यात माती काळी होत गेली, चादरी पांढऱ्या राहिल्या. मी मोजल्या. सहा. सहावी थोडी बाजूला, विहिरीच्या तोंडाकडे.

वामनरावांनी फोटो उलटासुलटा पाहिला. "पाच झोपवले, बातमीतही पाच. तू सहा कुठून आनून राहिला? फिल्मचा दोष असन. बुजव."

मी ब्रशानं सहाव्या चादरीवर माती रंगवली. ढेकळं रंगवली, सावल्या रंगवल्या. काम फार चांगलं झालं.

दुसऱ्या दिवशी गोपिका आमचाच पेपर घेऊन ऑफिसात आली. खोदणं थांबलं होतं. मनोहररावानं पेपर साऱ्या गावाला दाखवला होता. फोटोत पाच, बातमीतही पाचच, म्हणाला, आता कोणासाठी खोदता?

"तुमी फोटो काढला, भाऊ," ती वामनरावांना म्हणाली. "तुमीच सांगा का सहा होते म्हनून. ते खाली हायेत."

"बाई, फोटोत जे हाय ते हाय," वामनराव म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

मी आत जाऊन तीच निगेटिव्ह पुन्हा छापली.

चादरी सहा होत्या. सहावीतून एक हात बाहेर आला होता, कोपरापर्यंत. पंजा वर, बोटं उघडी. काल तो हात नव्हता.

निगेटिव्ह दिव्यासमोर धरली. ओरखडा नाही, डाग नाही. मी फोटो कोऱ्या कागदांखाली दडवला. गोपिका जिन्यात बसून होती. मी मागच्या दारानं घरी गेलो.

सकाळी नऊला येऊन पुन्हा छापला.

हात नव्हता.

चादर सरळ होती, चारी बाजूंनी खोचल्यासारखी.

मग मात्र मी थांबलो नाही. दोन्ही फोटो घेऊन पोलिसांत गेलो. मी काय रंगवलं होतं ते सांगितलं. दुपारी एकला खोदणं पुन्हा सुरू झालं.

तीनला विहिरीच्या आधाराच्या फळ्या लागल्या. दरडीत त्या आडव्या अडकल्या होत्या आणि त्यांच्याखाली माणूस बसेल एवढी पोकळी राहिली होती. चंद्रभान तिथं बसलेला होता. अंगावर जखम नव्हती.

डॉक्टरांनी त्याचा हात वाकवून पाहिला.

"सकाळपर्यंत जिवंत होता हा," ते म्हणाले. "आठ-नऊपर्यंत."

वामनराव जीपमध्ये जाऊन बसले.

गोपिकानं माझ्याजवळचे दोन्ही फोटो मागितले. बराच वेळ पाहिले. दुसरा परत दिला. हात बाहेर असलेला पदराखाली धरला.

"असू द्या माह्याजवळ," ती म्हणाली. "घरात त्यायचा एकही फोटो नाही."