पाठराखीण

काकासाहेब निमकरांचं नाव दिल्लीत दोन कारणांनी झालेलं: त्यांची डुक्कर फियाट आणि त्यांची चेष्टा. सरकारी कचेरीत छत्तीस वर्षं काढली, पण तिथं त्यांनी काम काय केलं हे विचाराल तर कुणालाच सांगता यायचं नाही. एका साहेबाच्या लाकडी खुर्चीचे पाय ते रोज कानशीनं गव्हाच्या दाण्याएवढे घासत राहिले आणि साहेबाला वाटायला लागलं की वयानं आपली उंची घटत चाललीय, एवढं मात्र शिपायापासून सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांना पाठ होतं. त्या साहेबानं डॉक्टरही गाठला होता म्हणतात.

तर असे हे काकासाहेब रिटायर झाले. लक्ष्मीबाई नगरचं सरकारी क्वार्टर सोडायचं, नॉयडाच्या नव्या सोसायटीत लेकीशेजारी फ्लॅट घेतलेला. तिथं खाली जावयाची कोरी मारुती उभी, दुसऱ्या गाडीला जागा नाही. शिवाय रस्त्यावर रोज नवी विलायती गाडी दिसायला लागलेली. त्या चकचकाटात ताकाच्या रंगाची, पुढं नाक काढलेली ही म्हातारी कुठं मिरवायची? म्हणून विकायची. लोकांना सांगायला कारण झकास होतं, आणि सगळ्यांनी ते मानलंही.

जानेवारीतला रविवार. सकाळचे दहा वाजले तरी धुकं हललेलं नव्हतं. समोरच्या ब्लॉकचा जिना दिसायचा, पण वरचं घर दिसायचं नाही. काकासाहेब बादली घेऊन गाडी पुसत होते आणि नॉयडाहून सामान बांधायला आलेली त्यांची मुलगी सुखदा दारात उभी राहून बघत होती.

"बाबा, पुरे की आता. माणूस गाडी न्यायला येतोय, मुलगी बघायला नाही."

"फरक काय आहे? दोघांना नाही म्हणालो मी. एकाला हिचं धड कापून ढाब्याच्या दारात ठेवायचं होतं, कणसं भाजायला. दुसऱ्यानं हिच्या वजनाची चौकशी केली."

"आणि हा?"

"ह्यानं फोनवर पहिलं काय विचारलं माहितीये? थंडीत सकाळी हिला जाग यायला किती वेळ लागतो."

हा म्हणजे भसीन. गुरगावच्या नव्या वस्तीत ऐसपैस घर, दोन जुन्या गाड्या आधीच पोसलेल्या, आणि धंदा पानिपतच्या चादरी परदेशी पाठवायचा. पानिपतवाल्याशी सौदा म्हटल्यावर मराठी माणूस आधी पळायची वाट बघून ठेवतो, असं काकासाहेब एरवी नक्की म्हणाले असते. वर्षभरापूर्वी म्हणाले असते. आता नुसतेच फडकं पिळत राहिले.

कारण विकण्याचं खरं कारण वेगळं होतं.

काकासाहेबांची एक लाडकी चेष्टा होती. बायको, गिरिजाबाई, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन गाडीकडे यायच्या. पुढची जागा सासूबाईंची, त्या वारल्यावरही ह्या मागंच बसत. मागच्या दाराच्या मुठीला त्यांचा हात लागतो न लागतो तोच काकासाहेब गाडी दोन हात पुढं घ्यायचे. बाई दोन पावलं पुढं. पुन्हा मुठीला हात, पुन्हा गाडी पुढं. "अहो, थांबा ना..." गल्ली हसायची. बाईही हसायच्या. पहिली पंधरा वर्षं खरंच हसायच्या. पुढं नुसतं तोंड हसरं करायच्या. हा फरक गल्लीतल्या पोराटोरांनाही कळला होता. काकासाहेबांना तो कळून घ्यायचा नव्हता.

मागच्या संक्रांतीला आर. के. पुरममध्ये एका घरी हळदीकुंकू होतं. दुपार होती, पण धुकं दिवसभर उठलंच नव्हतं. काकासाहेब न्यायला गेले. गिरिजाबाई तिळगूळ, फुलं आणि वाणाची स्टीलची डबी सांभाळत बाहेर आल्या. दोन दिवस त्या म्हणत होत्या, छातीत काही भरल्यासारखं वाटतंय. काकासाहेब म्हणाले होते, तिळाचे लाडू मोजून खा. दारात सात-आठ बायका उभ्या. एवढं प्रेक्षागृह भरलेलं असताना हा माणूस सोडतोय होय? एकदा झालं, दोनदा झालं, तीनदा झालं. बायका लोळल्या हसून. चौथ्यांदा काकासाहेबांना वाटलं, चला, आज ब्लॉकला एक फेरीच मारून येऊ.

आरशात त्यांना बाई धावताना दिसल्या. एका पायातली चप्पल निसटली होती. तोंड उघडं होतं, आणि ते हसत नव्हतं. हे त्यांनी नीट पाहिलं, आणि पाहून ॲक्सिलरेटर दाबला.

तीन मिनिटांनी परत आले तेव्हा बाई फुटपाथच्या कडेला पडलेल्या. डॉक्टर म्हणाले, हृदय. कधीही झालं असतं. बायका तिसऱ्या खेपेनंतर हसत हसत थंडीमुळे आत गेलेल्या, धावताना कुणी पाहिलं नव्हतं. काकासाहेबांनी सगळ्यांना सांगितलं, मी गाडी वळवून आणायला गेलो होतो. सुखदालाही तेच सांगितलं. त्या दिवसापासून त्यांनी कुणाची चेष्टा केली नाही. लोक म्हणाले, बिचाऱ्यानं बायकोचा ध्यास घेतलाय. हे ऐकलं की त्यांचे कान तापायचे.

आणि चौदाव्या दिवशी, प्रथमच गाडी काढली तेव्हा, मागून आवाज आला.

फट... थप... फट... थप...

एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी. उभी गाडी हलली की आवाज सुरू व्हायचा. मग डिकीवरून बांगड्या घासल्यासारखा आवाज, मग खोबरेल तेलाचा वास, मग मागच्या दाराची मूठ खाली व्हायची... कट. वेग वाढवला की मागं पडायचा. सिग्नलला थांबून निघालं की पुन्हा पहिल्यापासून. काकासाहेब लाल दिवे तोडायला लागले. आरसा त्यांनी छताकडं वळवून ठेवला.

आता तुम्ही म्हणाल, माणसानं एकदा थांबून दार उघडायला काय बिघडत होतं? काकासाहेबांनीही स्वतःला ते विचारलं होतं. थांबलं असतं तर तिच्या तोंडाकडं बघावं लागलं असतं.

म्हणून गाडी जायला हवी होती. आणि घेणारा नेमका असा भला निघाला की त्याला न सांगता गळ्यात बांधणं पाप, आणि सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार.

भसीन ऑटोनं आले. जाताना गाडी घेऊनच जायची, हा भरवसा. चाळिशीतला गुटगुटीत माणूस, काखेत पानिपतचा जाड खेस, गाडीच्या सीटवर घालायला. त्यांनी बॉनेटवर तळवा ठेवला, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. मग चक्कर मारायला स्टिअरिंगपाशी बसले. काकासाहेब शेजारी. बसल्या बसल्या भसीननी हात वर केला आणि आरसा सरळ केला.

"वो वैसाच रहने दो," काकासाहेब म्हणाले.

"पीछे देखे बिना कैसे चलेगी, भाईसाहब?"

गाडी फाटकातून बाहेर पडली. धुक्यात रस्ता पंधरा पावलांवर संपत होता. आणि मागून...

फट... थप...

"चलाओ," काकासाहेब हळूच म्हणाले. "थोडा तेज चलाओ."

भसीननी आरशात पाहिलं आणि ब्रेक मारला. "अरे, भाभीजी तो पीछे रह गईं."

"कौन..."

"आपकी मिसेज़. दौड़ रही हैं बेचारी. बताया क्यों नहीं?"

काकासाहेबांची मान दगडाची झाली. भसीन खाली उतरले. त्यांनी मागचं दार उघडलं आणि ते धरून उभे राहिले. घाईचं नाव नाही. आवाज जवळ आला. डिकीपाशी आला. दारापाशी थांबला... मग मागच्या सीटच्या स्प्रिंगा कण्हल्या, गाडी किंचित डावीकडं कलली आणि दार मिटलं. खोबरेल तेलाचा वास काकासाहेबांच्या मानेला येऊन भिडला. त्या वासामागं धाप होती. लांबून धावत आलेल्या माणसाची.

"माफ़ करना भाभीजी, कोहरे में दिखा नहीं," भसीन आरशाला म्हणाले आणि सावकाश निघाले.

वर्षभरात पहिल्यांदाच गाडीमागं काही धावत नव्हतं. काकासाहेबांच्या मागं हातभर अंतरावर धाप हळूहळू बसत चालली होती. चुकलं माझं, एवढेच दोन शब्द. ते ओठांपर्यंत आलेही. पण शेजारी परका माणूस बसलेला. त्याच्यासमोर कसं म्हणायचं? हा गृहस्थ काय म्हणेल? काकासाहेब समोरच्या काचेवरचं दव मोजत राहिले. मागं वळले नाहीत.

घराशी आल्यावर भसीननी पुन्हा उतरून मागचं दार उघडलं. वाट पाहिली. मग काकासाहेबांना बाजूला घेऊन पुटपुटले, "उतर नहीं रहीं. लगाव है गाड़ी से. भाईसाहब, घर की औरत का दिल दुखाकर मैं नहीं लूँगा. रहने दीजिए."

तर आता बघा. भल्या माणसानं नाही म्हटलं. काकासाहेबांपुढं दोनच वाटा: खरं सांगायचं, नाहीतर गाडी आणि गाडीतलं दोन्ही जन्मभर सांभाळायचं. त्यांनी तोंड उघडलं. "भसीनसाब, एक बात बोलनी है... वो जो पीछे..."

"बोलिए ना."

भसीन मान वाकवून ऐकत होते, अगदी मनापासून. ते कान देऊन ऐकणंच काकासाहेबांना सोसेना. जिभेला छत्तीस वर्षांची सवय. ती आपोआप वळली.

"हमारे में लड़की ससुराल जाती है ना, तो साथ में घर की एक औरत जाती है. पाठराखीण बोलते हैं. लड़की को नए घर में करमे, इसलिए. समझो, ये वही जा रही."

भसीन खुलले. "वाह. कितना अच्छा रिवाज है. घर में बीजी हैं, मेरी माँ, उनके साथ बैठेंगी. फिर लेने कब आएँगे आप?"

"शाम को," काकासाहेब म्हणाले. "बस पकड़ के आता मैं."

वर्षभरातली पहिली चेष्टा. जमली चांगली.

कागदांवर सह्या झाल्या. सुखदानं गाडीला हळदीकुंकू लावलं, पुढच्या सीटवर खण-नारळ ठेवला, डोळे पुसले. मग मागच्या दाराशी वाकली. "बाबा, मागच्या काचा आतून वाफेनं भरल्यात. कुणी श्वास सोडत बसावं तशा."

"हीटरनं."

"हिला हीटर कुठाय?"

काकासाहेबांनी तिला गाडीपासून मागं घेतलं. गाडी निघाली, फाटकाशी वळली, धुक्यात गेली. ते कान देऊन उभे राहिले. मागं काही धावत नव्हतं. छातीवरचा दगड उतरला आणि उतरल्याचीच अशी लाज वाटली की त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं.

सुखदानं त्यांचा हात धरला. "तुम्हाला काय डाचतं ते मला माहितीये, बाबा. त्या दिवशी गाडी आणायला गेला नसतात तर तिच्याजवळ असतात. पण तुमची काही चूक नव्हती त्यात."

ह्याहून सोपी संधी माणसाला मिळत नाही.

"चूक नव्हती," काकासाहेब म्हणाले.

दुपारी दोनला ऊन पडलं. सुखदा स्वयंपाकघरात डबे कागदात गुंडाळत होती. फोन वाजला. काकासाहेबांनी उचलला.

"हेलो, लक्ष्मीबाई नगर? मैं भसीन, गुरगाँव से. गाड़ी ठीक-ठाक पहुँच गई. भाभीजी भी. बीजी के साथ धूप में बैठी हैं, चाय पी है. कम बोलती हैं, पर खुश हैं." मग त्यांचा आवाज खाली आला. "अच्छा, आप घर से कौन बोल रहे हैं? बात ये है... अंकलजी नीचे नहीं उतर रहे."

काकासाहेबांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"मैं तो समझा था वहीं रुक गए. धौला कुआँ पर देखा तो साथ वाली सीट पर बैठे हैं. सोचा, मन नहीं माना होगा, चढ़ गए होंगे. अब दो घंटे हो गए. गर्दन झुकाए बैठे हैं. दरवाज़ा खोलता हूँ तो मुँह फेर लेते हैं. भाभीजी कहती हैं, रहने दो, बैठे रहने दो... आप बेटे हैं उनके? कौन बोल रहे हैं?"

रिसीव्हरमधून पलीकडचं अंगण ऐकू येत होतं. कुणीतरी कप बशीत ठेवला. कुणीतरी खाकरलं, आणि ते खाकरणं काकासाहेबांचं होतं.

"बाबा, कुणाचा फोन?" सुखदानं आतून विचारलं.

"राँग नंबर," काकासाहेब म्हणाले.

"बाबा?" सुखदा दारात आली. तिनं काकासाहेब बसलेल्या खुर्चीकडं पाहिलं, ती रिकामी असावी तसं, मग बाहेरच्या दाराकडं. "कुठं गेले बाबा..."

"लो जी," भसीन फोनवर आनंदानं म्हणाले, "अभी-अभी मुँह खोला अंकलजी ने. पता नहीं क्या... कह रहे हैं, राँग नंबर."