त्याच यमकांचं उत्तर

गाढवानं बाही फाडली नसती, तर लापो त्या दिवशी शिंपिणीच्या दुकानात आलाच नसता. पण बार्तोच्या गाढवाला आपले दात कुणाला दाखवायचे नव्हते, आणि गुरांच्या डॉक्टरला, म्हणजे लापोला, ते बघायचेच होते. तेव्हा ऑक्टोबरातल्या एका धुकट संध्याकाळी रोक्काल्ता गावातल्या त्या दुकानाची घंटा किणकिणली आणि एक उंच, ओलाचिंब माणूस नारिंगी लोकरी कोटाची बाही हातात धरून उंबऱ्यात उभा राहिला.

“दीनाबाई नाहीत?”

“मावशीचे गुडघे हल्ली जिना उतरत नाहीत. मी इलारिया, तिची भाची. दुकान सांभाळायला प्रातो शहरातून आलेय.” तिनं बाही उजेडात धरली. “कुणी चावलं?”

“गाढवानं.”

“नक्की? बाई नव्हती?”

“बाई असती, तर... मी कोट शिवायला आणला नसता. तसाच ठेवला असता,” तो गंभीरपणे म्हणाला आणि मग स्वतःच्याच बोलण्यानं कानापर्यंत लाल झाला.

इलारिया हसली नाही. खांद्यापाशी टाचण्या लावताना तिला त्याच्या कोटाचा वास येत होता. ओल्या लोकरीचा, गवताचा आणि कसल्याशा औषधाचा. तिचे आखूड काळे केस त्याच्या हनुवटीला लागतील की काय, एवढ्या जवळ ती उभी होती, आणि तो श्वास रोखून समोरच्या भिंतीकडे बघत होता. शिवताना माणसं हलू नयेत म्हणून श्वास रोखतात, हे तिला माहीत होतं. पण टाचण्या लावून झाल्यावरही त्यानं तो सोडला नव्हता.

बाही नेऊन चार दिवस झाले नाहीत, तर त्याचं बटण तुटलं. मग दुसरं. मग अस्तर उसवलं.

“डॉक्टर, बटणं तुम्ही चावून तोडता का?”

“धागा कच्चा असेल.”

“माझा धागा कच्चा? हे बोलायची हिंमत गाढवातही नव्हती.”

वरच्या मजल्यावरून दीनामावशी खोकायची. त्या खोकल्याला काही औषध लागत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. तो पैसे ठेवायचा, दारापर्यंत जायचा, वळायचा, काहीतरी बोलणार असं वाटायचं... आणि घंटा वाजायची. इलारियाला आता ती घंटा आवडायला लागली होती, आणि ती दुसऱ्या कुणी वाजवली की राग यायला लागला होता.

रोक्काल्तात अजून सुनीतं लिहितात. खाटीक लिहितो, पोस्टमन लिहितो, चर्चची घंटा वाजवणारा तर लिहिल्यावाचून जेवत नाही. आणि लिहितात ती आजोबा-पणजोबांच्या थाटात, चौदा ओळी, यमकं जिथल्या तिथं. लिहिलेला कागद गावच्या काव्यमंडळाच्या दाराशेजारच्या फळ्यावर लावायचा. ज्याला उत्तर द्यायचं त्यानं द्यावं, अट एकच, ओळींच्या शेवटचे शब्द तेच हवेत आणि त्याच क्रमानं. इलारिया लहानपणी सुट्टीत इथे यायची, तेव्हा आजोबांच्या मांडीवर बसून ती हेच शिकली होती. मध्ये पुष्कळ वर्षं तिचं येणं झालं नव्हतं, पण हात विसरला नव्हता.

नोव्हेंबर लागला आणि फळ्यावर लापोचा कागद आला.

*सोनेरी केसांची ती जाता वाटेवरून,*
*थबके वारा, झरा विसरे त्याचे गाणे;*
*तिच्या पावलांखाली दगडही शहाणे,*
*अन् मी उभा राहतो डोळे खाली करून...*

पुढच्या दहा ओळींतही तीच होती. तिचा हस्तिदंती हात, तिचं मौन, तिची चांदण्यासारखी दूर असण्याची सवय. इलारियानं सगळं दोनदा वाचलं. म्हणजे कुणीतरी आहे. गोरी, सोनेरी, कधी घाम न येणारी. आणि मग बटणं का तुटत होती? तिनं आपल्या सुईनं टोचलेल्या बोटांकडे पाहिलं आणि तिचा जळफळाट झाला. घरी जाऊन तिनं एका बैठकीत उत्तर लिहिलं, खाली आपलं नाव घातलं आणि दिवे लागायच्या आत ते फळ्यावर लावूनही आली.

*रोज रोज जाते ती ह्याच वाटेवरून,*
*रिकाम्या पोटी कुणा सुचते कसे गाणे?*
*सांगा हो, काय जेवते ती, तुम्ही शहाणे?*
*की हवाच खाते ती डोळे खाली करून?*

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पावाच्या दुकानात शिरली, तशी सगळी बोलणी थांबली. रांगेत पुढे उभ्या असलेल्या आदेलेकाकूंनी आपला पाव तसाच फळीवर ठेवला आणि तिच्याकडे न बघता त्या बाहेर निघून गेल्या.

“मावशी, मी काय केलं?” घरी येऊन इलारियानं विचारलं.

दीनामावशीनं आधी तिला बसायला लावलं. “ते सुनीत नोएमीवर लिहिलेलं आहे गं. आदेलेची मुलगी. लग्न ठरलं होतं तिचं नि लापोचं. घाटात बर्फावरून गाडी घसरली, त्यातच ती गेली, सहा वर्षं झाली. दर नोव्हेंबरला तो एक लावतो. लोक टोपी काढून वाचतात आणि जातात. उत्तर कुणी देत नाही.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तू एकाच संध्याकाळी लिहून मोकळी होशील, हे मला काय माहीत? मी तर वर बसून तुमच्या लग्नाचा केक ठरवत होते.”

इलारिया तशीच फळ्याकडे धावली. दोन्ही कागद तिथं नव्हते.

लापो तिला गावाबाहेर चढावरच्या मेंढवाड्यात सापडला. एका मेंढीचा खूर मांडीवर घेऊन तो साफ करत होता. त्यानं वर पाहिलं नाही.

“मला माहीत नव्हतं,” ती म्हणाली. “तुमच्या सुनीतात ती चालते. वारा थांबतो, झरा थांबतो. मला वाटलं, ती आहे.”

“आणि असती, तर असं लिहायचं?”

खोटं बोलणं सोपं होतं. “हो. मला तिचा हेवा वाटला. अजूनही वाटतो, आणि त्याची लाज वाटते. मला माफ करा.”

त्यानं मेंढी सोडली. ती लंगडत कळपात गेली.

“सहा वर्षांत मला कुणी काही विचारलं नाही,” तो म्हणाला. “काल तुम्ही विचारलंत, ती काय जेवते. आणि मला आठवेना. रात्रभर बसलो, तरी आठवेना. मग केस आठवायला गेलो...” त्यानं हात पॅन्टला पुसले. “तिचे केस सोनेरी नव्हते, इलारिया. जुन्या सुनीतांत बाईचे केस सोनेरी असतात, म्हणून मीही लिहिले. लिहीत गेलो, लिहीत गेलो, आणि मला ती तशीच दिसायला लागली. दुसरीच कुणीतरी. खरी कुठे गेली, ते कळलंही नाही मला.”

तिला त्याचा हात धरावासा वाटला. तिनं धरला नाही.

“आता जा,” तो हळूच म्हणाला. “मला तुमचा राग आलाय. किती, ते अजून कळत नाही.”

ती उतारावरून रडत खाली आली. कुणी बघेल याचीही तिनं पर्वा केली नाही.

त्यानंतर एकही बटण तुटलं नाही. दुकानाची घंटा वाजायची आणि आत यायची ती पॅन्ट आखूड करायला आलेली म्हातारी माणसं. नोव्हेंबर तसाच सरत आला. एका सकाळी इलारिया मावशीला म्हणाली, “ख्रिसमस झाला की मी प्रातोला परत जाते. तिथं कापडगिरणीत जागा आहे.” मावशी खोकलीसुद्धा नाही.

त्याच आठवड्यात रविवारी चर्च सुटल्यावर फळ्यापाशी गर्दी झाली. इलारिया मागे, भिंतीला टेकून उभी राहिली. पोस्टमन मोठ्यानं वाचत होता. शेवटचे शब्द तेच होते.

*धापा टाकत यायची ती वाटेवरून,*
*तपकिरी केस, ओठी बेसूरसे गाणे;*
*उभीच खाई, म्हणे, ‘ताट का हो, शहाणे?’*
*विसरलो मी सारे डोळे खाली करून...*

पुढे चेस्टनटच्या पिठाचा गरम सांजा होता, त्यावर ताजं चीज होतं, भांड्यातूनच खाणारी आणि चमचा चाटणारी नोएमी होती. हस्तिदंताचा मागमूस नव्हता. गर्दीत कुणाला हसावं की रडावं कळेना. तेवढ्यात कुणीतरी खरंच हसलं, आणि सगळ्यांनी वळून पाहिलं. आदेलेकाकू होत्या. हसताहसता त्यांचे डोळे वाहत होते.

“अश्शीच बोलायची माझी पोर,” त्या म्हणाल्या. “कितीदा ओरडले मी तिला, बसून खा म्हणून.”

मग गर्दीतून वाट काढत त्या इलारियापाशी आल्या आणि त्यांनी तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. “तू विचारलंस, म्हणून ती आली,” एवढंच बोलल्या.

इलारियाला बरं वाटलं, अगदी मनापासून. आणि तितकंच वाईटही वाटलं. सोनेरी केसांच्या पुतळीशी भांडता येत होतं. ह्या धापा टाकणाऱ्या, बेसूर गाणाऱ्या मुलीशी कोण भांडणार? ती तर इलारियालाही आवडली होती. लापोला त्याचं माणूस परत मिळालं, आता तिथं आपलं काय काम, असं मनाशी म्हणत ती घरी आली आणि तिनं पलंगाखालची बॅग ओढून बाहेर काढली.

डिसेंबरातल्या एका संध्याकाळी दुकान बंद करायच्या वेळेला घंटा किणकिणली. लापो उंबऱ्यात उभा होता. बाही हातात होती.

“परत गाढव?” तिनं आवाज सांभाळत विचारलं.

“हो.”

तिनं बाही उजेडात धरली. “ही कात्रीनं कापलीय, डॉक्टर.”

“गाढव तयार होईना.”

तिला हसूही आलं आणि रडूही, दोन्ही एकदमच. तो आत आला. खिशातून एक घडी केलेला कागद काढून त्यानं शिवणयंत्रावर ठेवला.

“हा फळ्यासाठी नाही,” तो म्हणाला. “ह्यातली यमकं नवी आहेत. त्यातलं एकही तिचं नाही.”

इलारियानं घडी उघडली. सुरुवातीलाच एका बाईचे केस होते, आखूड, काळे, आणि त्यांत अडकलेले दोऱ्यांचे तुकडे.

“हे केस ओळीत बसायलाच तयार नव्हते,” तो म्हणाला. “फार छळलं त्यांनी. सोनेरी किती सोपे होते...”

ती वाचत गेली. टोचलेली बोटं होती, कच्चा धागा म्हटल्यावर आलेला राग होता, मेंढवाड्यात खोटं न बोललेली बाई होती. कागद संपला तरी तिला वाटलं, अजून काहीतरी आहे. तिनं ओळी मोजल्या.

“एक कमी आहे.”

“शेवटची येत नाही.”

“का?”

त्यानं टोपी काढून हातात घेतली. “कारण... तुम्ही रात्री काय जेवता, मला माहीत नाही. मला ह्या वेळी न बघता काही लिहायचं नाही. आणि तुम्ही जाताय असं ऐकलं. गेलात, तर हे असंच राहील. तुम्ही राहावं, असं मला वाटतं, इलारिया. फार वाटतं.”

वरच्या मजल्यावर मावशी खोकली. बऱ्याच दिवसांनी.

इलारियानं कागदाची घडी केली आणि ती एप्रनच्या खिशात ठेवली. मग तिनं दाराला कडी लावली आणि दुकानातला दिवा मालवला.

“कोबीचं सूप आहे,” ती म्हणाली. “कालचं, पावाचे तुकडे घालून उकळलेलं. अंडंही आहे. मी जेवताना फार बोलते, आणि मावशी ऐकते. चालेल?”

“चालेल.”

“मग वर ये, लापो.”

ती पुढे जिना चढू लागली. अर्ध्यावर तिनं मागे वळून पाहिलं. तो पायऱ्यांकडे नाही, तिच्याकडेच बघत वर येत होता, आणि ती बघतेय हे कळल्यावरही त्यानं डोळे खाली केले नाहीत.