जाडी नसलेली तार

सांगतो, पण तुम्ही विश्वास ठेवणार नाही. अंबरनाथमध्ये आजवर कुणी ठेवलेला नाही. विश्वातली सगळ्यात बारीक तार मी ओढली. सत्त्याऐंशी साली, मोरिवलीच्या तारेच्या कारखान्यात, एका मुलीच्या रागापायी.

ती कुंदा. बदलापूरची, एमेस्सी फिजिक्स. वाचनालयाच्या फळ्यावर तिच्या व्याख्यानाचं नाव 'तारांचा सिद्धांत' वाचलं आणि मी आत शिरलो. तार म्हणजे आमचाच धंदा की! ती सांगत होती, अणू फोडा, आतला कण आणखी जवळून बघा, तर ती एक इवलीशी थरथरणारी तार निघेल. एका तऱ्हेनं थरथरली की इलेक्ट्रॉन, दुसऱ्या तऱ्हेनं की प्रकाश...

मी हात वर केला. "किती गेजची?"

सगळे हसले. तिचे कान लाल झाले. "तिला जाडी नसते. फक्त लांबी."

माझं डोकंच सणकलं. बारा वर्षं मायक्रोमीटर धरलेल्या माणसाला हे ऐकवायचं? पाहिलीय का कुणी, विचारलं. तर म्हणे अजून नाही, पण गणित जुळतं. फक्त त्याला तीनाऐवजी नऊ दिशा लागतात, जादा सहा गुंडाळलेल्या असल्यानं दिसत नाहीत. म्हणजे मालही दिसत नाही आणि गोदामही!

हे भांडण आम्ही महिनाभर रसवंतीत बसून भांडलो. मग एक दिवस तिनं ग्लास आपटला.

"पुण्याचं स्थळ म्हणतंय, लग्नानंतर फिजिक्स बंद. रविवारी बाबा होकार कळवणार. तुम्ही निदान भांडता तरी..." ती माझ्याकडे बघत राहिली — रागानंच, पण जरा जास्त वेळ. "आणा ती तार रविवारपर्यंत. पुण्याला मी नाही म्हणून सांगते."

ओढली की मी. चाळीस गेज, मग केसाहून बारीक, मग कोळ्याच्या जाळ्याहून. तार ज्या भोकातून ओढून बारीक करतात ती डाय उल्हासनगरच्या सेठनं दिली, तर तिला भोकच दिसेना. "साईं, छेद है, भरोसा रखो," म्हणाला. तार दिसेनाशी झाली, तरी ओढली. शेवटी नुसती गुणगुण उरली.

रविवारी तिच्या ओट्यावर, बाबांच्या देखत, ती तार कुंदाच्या तळहातावर ठेवली. तिनं डोळे मिटले. "थरथरतेय," म्हणाली...

"साफ खोटं," आत्ता इथे माझ्या शेजारी वालाच्या शेंगा सोलता सोलता कुंदा मोठ्यानं म्हणाली. "तार-बीर काही नव्हती. यांचा हात रिकामा होता, आणि थरथरत होता तो. मी होकार दिला, तो त्याला."